क्रीडा मंडळाच्या प्रत्येक सभासदाला सीपीआर यायलाच हवा

गेल्या उन्हाळ्यात विजापूर रस्त्याच्या बाजूच्या एका मैदानावर सकाळी क्रिकेट खेळताना आमचा एक सहकारी षटक संपवून वळला आणि जागीच कोसळला. त्याचे हातपाय झटके देत होते, म्हणून कोणीतरी ‘फीट आली’ म्हणाले. एकाने त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, दुसरा कांदा आणायला धावला आणि मी त्याच्या डोक्याखाली टॉवेल सरकवत बसलो. मधूनमधून घोरल्यासारखा आवाज येत होता, त्यामुळे श्वास चालू आहे, असेच आम्ही सगळे धरून चाललो. तो वाचला नाही.

हृदय अचानक बंद पडते तेव्हा सुरुवातीला असे झटके येऊ शकतात आणि तो घोरण्याचा आवाज म्हणजे श्वास नव्हे, हे मला नंतर प्रशिक्षणात कळले. हाक मारून, खांदे हलवूनही माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावून लगेच सीपीआर सुरू करायचा, म्हणजे छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागायचे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटांतच माझे दंड भरून आले. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, आणि एकट्या प्रशिक्षकाला शिकवून भागत नाही ते याचसाठी. शिवाय कोसळणारा प्रशिक्षकच असला तर?

बरगडी मोडेल, ही भीती अनेकजण बोलून दाखवतात. बरगडी जुळून येते. मदत मिळाली नाही तर जगण्याची शक्यता मात्र दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये भर सामन्यात कोसळलेल्या डेन्मार्कच्या फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सनला मैदानावरच सीपीआर आणि एईडीचा, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, शॉक मिळाला, आणि आठ महिन्यांनी तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. एईडी हृदयाची लय स्वतः तपासते, काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. जर्सी आणि करंडकांसाठी आपण आनंदाने वर्गणी काढतो, तशीच या यंत्रासाठीही काढावी, असे माझे ठाम मत आहे.

चाळिशीनंतर पुन्हा मैदानावर उतरलेले आपल्या सोलापुरात कितीतरी जण आहेत. प्रत्येक मंडळाने हंगामाआधी एक रविवार या सरावासाठी राखून ठेवावा आणि दाब कोण देणार, फोन कोण करणार, फाटकापाशी कोण थांबणार, हे त्याच दिवशी ठरवावे. आमच्याकडे रुग्णवाहिका मागच्या फाटकाशी येऊन थांबली होती. त्याला कुलूप होते, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही.