अक्षरं मोठी करायला पानाचा पत्ता कशाला लागतो?

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याचा मेसेज आला, "मावशी, आजोबांच्या लॅपटॉपवरचं ते अक्षरं मोठी करणारं एक्स्टेंशन आधी काढून टाक. स्पायवेअर आहे ते." (एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, आणि स्पायवेअर म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारं.) कुठून कळलं विचारलं तर म्हणे, "सगळीकडे लिहिलंय." त्याखाली चुलत भावाचं उत्तर हजर, "असू दे रे. काकांकडे लपवण्यासारखं आहे काय? आणि हल्ली सगळेच डेटा घेतात." त्यावर चौघापाच जणांचे अंगठे. मग ग्रुप आंब्याच्या पेट्यांकडे वळला.

मी मात्र दिवसभर तिथेच अडकले आहे. भाच्याचा राग आला, कारण त्याने काहीही न तपासता निकाल दिला. पण भावाचं वाक्य जास्त लागलं. त्याने तर तपासायची गरजच नाही असं ठरवून टाकलं.

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. तिथे "यात गडबड आहे" एवढं म्हणून कोणी ऐकून घेत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तिन्ही लिहून द्यावं लागतं. योगायोगाने या आठवड्यात मी साताऱ्याला आई-बाबांकडेच आहे. म्हटलं, बसूनच बघू.

आधी हे एक्स्टेंशन आमच्या घरात का आहे ते सांगते. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. काचबिंदूने उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे, डावा कसाबसा टिकवून धरला आहे. वर्तमानपत्राचा कागदी अंक वाचणं थांबलं तेव्हा लॅपटॉप घेतला, पण मराठी बातम्यांच्या साइटवरची अक्षरं, त्यातून ती जोडाक्षरं आणि वेलांट्या, त्यांना मुंगीच्या रांगेसारखी दिसायची. एका हातात भिंग धरून ते स्क्रीनला नाक लावायचे. मग हे एक्स्टेंशन सापडलं. अक्षरं ठसठशीत, ओळींमध्ये मोकळी जागा, मागे फिकट पिवळा रंग. त्या दिवसापासून बाबा अग्रलेख पुन्हा स्वतः वाचायला लागले. आईला "जरा वाचून दाखवतेस का" म्हणणं बंद झालं. हे वाक्य म्हणायला त्यांना किती जड जायचं ते मी पाहिलं आहे. तेव्हा "काढून टाक" हे दोन शब्द पुण्यात बसून टाइप करणं सोपं आहे. इथे त्यांच्यासमोर म्हणणं सोपं नाही.

एक्स्टेंशनचं नाव मी इथे देणार नाही. माझी तपासणी एका घरातली, एका लॅपटॉपवरची आहे. तेवढ्यावर जाहीर ठपका ठेवणं मला पटत नाही.

पण या प्रकारच्या एक्स्टेंशनांना बदनामी का चिकटते, त्याला खरा इतिहास आहे. 'स्टायलिश' आठवतं का? वेबसाइटचं रूप आपल्याला हवं तसं बदलून देणारं, २००५ पासूनचं, लाखो लोकांचं आवडतं. पुढे मालकी बदलली आणि जानेवारी २०१७मध्ये ते 'सिमिलरवेब' या वेबसाइटच्या वर्दळीचा डेटा विकणाऱ्या कंपनीकडे गेलं. जुलै २०१८मध्ये रॉबर्ट हीटन या इंजिनिअरने आपल्या ब्राउझरमधून बाहेर काय जातंय ते उघडून पाहिलं, तर प्रत्येक भेट दिलेल्या पानाचा पत्ता, सोबत एक कायमचा ओळख क्रमांक, असं सगळं निघालेलं. मोझिला आणि गूगलने ते काढून टाकलं, नंतर ते परतही आलं. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणाऱ्या 'ग्रेट सस्पेंडर'चं तेच. भल्या माणसाने बनवलेलं, २०२०मध्ये विकलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने घातक म्हणून सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. आपण एक्स्टेंशन बसवतो ते एका माणसावर विश्वास ठेवून. तो माणूस ते विकून निघून जातो आणि आपल्याला कोणी साधं कळवत नाही. नाव तेच, चित्र तेच, अपडेट आपोआप.

म्हणून "स्पायवेअर आहे" हा शिक्का एकदा मारून भागत नाही. काल खरा असलेला आरोप आज खोटा असू शकतो, आणि उलटही.

भाच्याने पुरावा म्हणून काय पाठवलं? परवानगीचा स्क्रीनशॉट. हे एक्स्टेंशन सगळ्या वेबसाइटवरचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकतं, असं त्यात लिहिलंय. अरे, पानावरची अक्षरं मोठी करायची तर पान वाचावंच लागणार, बदलावंच लागणार! जाहिराती अडवणारं 'यूब्लॉक ओरिजिन' हीच परवानगी मागतं, आणि त्याचा कोड कोणीही उघडून पाहू शकतो. हातात किल्ली असणं वेगळं आणि चोरी करणं वेगळं. बाहेर काय जातंय ते बघितल्याशिवाय दोन्हीतला फरक कळत नाही.

ते बघणं वाटतं तेवढं अवघड नाही, म्हणून लिहिते. क्रोममध्ये एक्स्टेंशनांचं पान उघडून 'डेव्हलपर मोड' चालू करायचा. बहुतेक एक्स्टेंशनांच्या चौकोनात 'सर्व्हिस वर्कर' (एक्स्टेंशनचा पडद्यामागे चालणारा भाग) असा दुवा दिसायला लागतो. त्यावर क्लिक केलं की वेगळी खिडकी उघडते, तिच्यात 'नेटवर्क' हा टॅब. तो उघडा ठेवून नेहमीसारखं दोन-चार साइटवर फिरायचं आणि तिथे ओळी उमटतात का बघायचं. ओळ उमटली की एक्स्टेंशन कोणाशी तरी बोललं. कोणाशी, आणि काय बोललं, तेही तिथेच दिसतं. मी आधी कोऱ्या प्रोफाइलमध्ये फक्त हे एकच एक्स्टेंशन घालून बघितलं, म्हणजे दुसऱ्याचं पाप याच्या माथी नको.

आणि ओळी उमटल्या. प्रत्येक पान उघडलं की एक. पानाचा पत्ता पूर्ण, प्रश्नचिन्हानंतरच्या शेपटासकट, आणि सोबत एक ओळख क्रमांक, जो ब्राउझर बंद करून उघडला तरी तोच राहिला.

मग बाबांचा स्वतःचा प्रोफाइल उघडला. त्यांना टॅब बंद करायची सवय नाही. ब्राउझर सुरू झाल्याबरोबर कालची सगळी पानं पुन्हा उघडली आणि नेटवर्कच्या खिडकीत रांग लागली. त्यात एक गूगलचा पत्ता होता. मराठीत शोधलं की पत्त्यात देवनागरी दिसत नाही, टक्क्याची चिन्हं आणि आकडे-अक्षरांची लांबलचक माळ दिसते. मी सवयीने ती उलगडली. बाबांनी शोधलं होतं, "काचबिंदूमुळे पूर्ण आंधळेपण किती वर्षांत येते".

मला ते वाचून काही सुचेना. डॉक्टरांसमोर, आईसमोर, माझ्यासमोर हा माणूस नेहमी म्हणतो, "डावा अजून भक्कम आहे." ही भीती त्यांनी आम्हा कोणाला दाखवली नव्हती. एकट्याने, रात्री कधीतरी, टाइप केली होती. आणि आमच्याआधी ती एका अनोळखी सर्व्हरला कळली होती. (हे इथे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं आहे. ते म्हणाले, "लिही. माझ्या वयाचे पुष्कळ असतील.")

आता भावाला उत्तर. काकांकडे लपवण्यासारखं काय आहे, विचारलंस ना? हे आहे. यात बँकेचा पासवर्ड नाही, काळा पैसा नाही. एका माणसाची भीती आहे, आणि ती कोणाला सांगायची हे ठरवायचा हक्क फक्त त्याचा आहे. अंगठे दाखवणाऱ्या बाकीच्यांनीही वाचावं.

"नाव कुठे जातं, नुसता पत्ता तर जातो" असं कोणी म्हणणार असेल तर जर्मनीतलं प्रकरण बघा. 'वेब ऑफ ट्रस्ट' नावाचं एक्स्टेंशन होतं, त्याचं कामच मुळी कोणती वेबसाइट विश्वासाची ते सांगणं! नोव्हेंबर २०१६मध्ये तिथल्या एनडीआर वाहिनीच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की जवळपास ३० लाख जर्मन लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास बाजारात मिळतोय आणि त्यातला डेटा या एक्स्टेंशनमधूनही आला आहे. तो डेटा निनावी म्हणवला जात होता. पण पत्त्यांमधूनच माणसं ओळखू आली, कारण पत्त्यातच माणूस असतो. एका पोलीस अधिकाऱ्याने तपासाचा मजकूर गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकला होता, तो अख्खा मजकूर पत्त्यातून बाहेर पडला. एका खासदारबाईंच्या औषधांचीही माहिती त्यात निघाली. २०१९मध्ये 'डेटास्पाय' प्रकरणात आठ एक्स्टेंशनांमधून ४१ लाखांपर्यंत लोकांचा असाच डेटा गेल्याचं सॅम जदाली या संशोधकाने मांडलं. त्यात लोकांचे करविवरणाचे कागद आणि रुग्णांची नावंसुद्धा होती. आणि ज्याच्यावर आपण सुरक्षेसाठी भरवसा ठेवतो त्या 'अवास्ट' या अँटिव्हायरस कंपनीला याच कारणासाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. "सगळेच घेतात" म्हणणाऱ्याला कळायला हवं की घेतल्याबद्दल दंडही होतो.

बरं, या एक्स्टेंशनच्या बाजूचं जे आहे तेही सांगते. त्यांच्या गोपनीयता धोरणात हे लिहिलेलं आहे. सेटिंगमध्ये 'वापराची आकडेवारी' असं एक बटण आहे, ते बंद केलं की ओळी उमटायच्या थांबल्या, हे मी खात्री करून पाहिलं. शिवाय माझ्या स्वतःच्या साइटवर मी कोणालाच माहीत नसलेल्या पत्त्याचं एक पान ठेवलं, हे एक्स्टेंशन चालू ठेवून उघडलं, आणि दुसरं कोणी त्या पानावर येतं का ते साइटच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदीत, बघितलं. पत्ता विकला गेला तर घेणारा तो उघडून बघेल, हा हिशोब. अजून कोणी आलेलं नाही. तेव्हा त्यांनी डेटा विकला असं मी म्हणू शकत नाही. 'डेटास्पाय'मधली काही एक्स्टेंशनं बसवल्यावर तीन आठवड्यांहून जास्त काळ गप्प राहून मग कामाला लागायची, त्यामुळे हे लॉग मी पुढेही बघत राहणार आहे.

पण ते बटण! ते बटण मुळातच चालू असतं. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, सगळ्यात तळाशी, राखाडी रंगात, इंग्रजीत, आणि या एक्स्टेंशनमधल्या सगळ्यात बारीक अक्षरात. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी बनवलेल्या वस्तूत संमती बारीक अक्षरात घेतली आहे! मी बाबांना ते पान दाखवलं. ते भिंग घेऊन आले, तरी त्यांना ती ओळ लागली नाही. तेच भिंग, जे कपाटात गेलं म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो. याला संमती म्हणायचं? माझ्या बाबांनी या गोष्टीला होकार दिलेला नाही. त्यांना विचारलंच गेलं नव्हतं.

तेव्हा माझा निकाल हा. नुसता धोरणातला मजकूर आणि बंद करायचं बटण बघितलं तर "स्पायवेअर" हा शब्द जड वाटेल. पण अक्षरं मोठी करायला कोणतं पान वाचलं जातंय हे बाहेर कळवायची गरजच नाही. ते काम लॅपटॉपच्या आतच होतं, आणि बटण बंद केल्यावरही अक्षरं तेवढीच मोठी दिसतात. म्हणजे पत्ता गोळा करणं हे सेवेसाठी नाही. जे कामाला लागत नाही ते न विचारता घेणाऱ्याला मी हेर म्हणेन. भाच्याचा शब्द बरोबर निघाला, मान्य आहे. पण बाळा, पुढच्या वेळी "सगळीकडे लिहिलंय" चालणार नाही. बघून सांग.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल असं स्पष्ट आहे. म्हणजे मराठीतही! नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर बाबांसारख्यांनी काय करायचं? आणि मराठीत सूचना आली तरी ती किती मोठ्या अक्षरात असेल, याकडे कोण बघणार? मला हे विचारायचं आहे आणि मी विचारत राहणार आहे.

संध्याकाळी ते एक्स्टेंशन काढलं. क्रोमच्याच सेटिंगमध्ये 'अपिअरन्स'खाली फॉन्टचा किमान आकार ठरवता येतो, तो वाढवून ठेवला. पिवळ्या पार्श्वभूमीसाठी 'स्टायलस' घातलं. 'स्टायलिश'मधून फुटून निघालेलं, कोड खुला असलेलं. सर्व्हिस वर्करची खिडकी उघडी ठेवून तेही बघितलं, बाबांच्या वाचनाबद्दल ते कोणाशी बोलत नाही. आधीइतकं देखणं दिसत नाही, एकदोन साइटवर मथळे एकमेकांवर चढतात, ते उद्या नीट करेन. बाबा म्हणाले, "वाचता येतंय. पुरे."

ज्यांच्या घरी नजर अधू झालेलं, हात थरथरणारं, ऐकू कमी येणारं माणूस आहे, त्यांनी त्या माणसाच्या ब्राउझरमध्ये काय काय बसवलेलं आहे ते एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा ते आपणच बसवून दिलेलं असतं आणि नंतर विसरलेलो असतो. कसं बघायचं ते वर लिहिलं आहे. अडलं तर एक्स्टेंशनचं नाव मला मेसेंजरवर पाठवा, मी वेळ काढून बघेन. त्यांनी काय शोधलं त्याचे स्क्रीनशॉट मात्र पाठवू नका, मलाही नाही.