कॅरव्हॅनचा गिझर म्हणजे घरचा गिझर नव्हे

ऑस्ट्रेलियातल्या मराठी ग्रुपांवर लाँग वीकेंड जवळ आला की कॅरव्हॅनबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: ‘कॅरव्हॅनचा गिझर घरच्यासारखाच असतो, त्याला काही करावं लागत नाही. ॲनोड बदलणं हा दुकानदारांचा धंदा. व्हॉल्व्ह गळत असेल तर बूच मारा. वास आला तर व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र ओता. टाकी कायम भरलेली ठेवा, रिकामी राहिली की गंजते.’ (ॲनोड म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारा धातूचा दांडा; व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारी झडप.) यातल्या दोन सूचना सरळ जिवावर बेतणाऱ्या आहेत. एक अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त फसवते.

‘घरच्यासारखाच असतो’

घरचा गिझर रोज चालतो आणि एकाच नळाचं पाणी पितो. कॅरव्हॅनचा महिनोन्‌महिने अंगणात उभा असतो, मग कच्च्या रस्त्यावर हादरे खातो. आज मेलबर्नचं मऊ पाणी, तर पुढच्या आठवड्यात आउटबॅकमधल्या बोअरचं खारट. (आणि घरच्या इनॅमलच्या टाकीच्या स्टोरेज गिझरमध्येही सहसा मॅग्नेशियमचा ॲनोड असतो, तो कधी उघडून पाहिला जात नाही, इतकंच.)

‘ॲनोड म्हणजे धंदा’

हे अर्धं खरं. आधी टाकी कशाची आहे ते बघा. सबअर्बन, ट्रूमा आणि ॲटवूड ही कॅरव्हॅन-गिझरच्या कंपन्यांची नावं. सबअर्बनची टाकी पोलादी, आतून इनॅमल दिलेली. तिला ॲनोड हवाच. ट्रूमाची स्टेनलेस स्टीलची, तिला नको. जुन्या ॲटवूडची ॲल्युमिनियमची, तिलाही नको. बाहेरचं झाकण काढल्यावर खाली २७ मिमीच्या सॉकेटने उघडणारं मोठं षटकोनी बूच दिसलं तर त्याच्याच मागे ॲनोडचा दांडा आहे. छोटं नायलॉनचं बूच असेल तर ॲनोड नाही, आणि उगाच आणून बसवूही नका.

इनॅमलला कुठे ना कुठे बारीक तडा असतोच. तिथे पाणी लोखंडाला भिडतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, म्हणून गंज आधी दांड्याला खातो, टाकीला नाही. दांडा सुमारे ७५ टक्के संपला, म्हणजे आतली तार उघडी पडली, की बदलायचा. वर्षातून एकदा तपासा. बोअरच्या पाण्यावर फिरत असाल तर सहा महिन्यांनी.

काढायची रीत: गॅस बंद, २४० व्होल्टचा स्विच बंद. गरम नळातून गार पाणी येईपर्यंत थांबा. मग पंप आणि बाहेरचं पाणी बंद करा, गरम नळ उघडा, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी उचलून उरलेला दाब सोडा, आणि त्यानंतरच बूच फिरवा. बाजूला उभं राहून, समोर नव्हे; नेहमीच्या टाकीतलं २२.७ लिटर पाणी एकदम बाहेर येतं. त्यासोबत पांढरे-करडे खडे पडतील. पाइपाने आतून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नव्या दांड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे पुरे. टेपमुळे संपर्क तुटतो, असंही ऐकायला मिळतं. तसं होत नाही, घट्ट करताना आटे टेप कापून धातूला टेकतात.

‘व्हॉल्व्ह गळतो, बूच मारा’

असं कधीही करू नका. थर्मोस्टॅट अडकला आणि वाट बंद असली तर दाबाखालचं पाणी दीडशे अंशांपुढेही द्रवच राहतं. टाकी फाटताच त्याची एका क्षणात वाफ होते.

आणि गळणं म्हणजे बहुतेक वेळा बिघाडही नसतो. १५ अंशांचं पाणी ७० अंशांवर गेलं की २२.७ लिटरमागे जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. टाकीच्या डोक्यावरचा हवेचा कप्पा ही वाढ झेलतो. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते आणि व्हॉल्व्ह थेंब टाकू लागतो. उपाय: हीटर बंद करून गार होऊ द्या, पाणी बंद करा, जवळचा गरम नळ उघडा, व्हॉल्व्हची कडी उचला. पाणी वाहायचं थांबलं की कडी सोडा, नळ बंद करा, पाणी सुरू करा. कप्पा पुन्हा तयार.

गार असतानाही गळत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कण अडकलाय. कडी दोन-चारदा झटकन उघड-बंद करा. तरी थांबेना, तर व्हॉल्व्ह बदला. कॅरव्हॅन पार्कच्या नळाला पाण्याचा दाब ३५० किलोपास्कलवर रोखणारा रेग्युलेटर लावलाय का, तेही बघा.

‘व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र’

एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि कॅरव्हॅन म्हणजे बंद खोलीच. दोघांची कामं वेगळी आहेत. व्हिनेगर क्षार सोडवतं, ब्लीच जंतू मारतं. सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर तो जंतू आणि मॅग्नेशियम यांच्या संगनमताचा. तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही. लिटरला ४२ ग्रॅम ताकदीचं बिनवासाचं ब्लीच ८० लिटर पाण्यात १०० मिली घाला. हीटर बंद आणि फिल्टर काढलेला हवा. ते पाणी प्रत्येक नळापर्यंत आणून चार तास ठेवा, मग दोनदा धुवून काढा. ट्रूमाच्या टाकीत मात्र क्लोरीन, म्हणजे ब्लीचही, चालत नाही, स्टेनलेसला ते खातं. तिथे कंपनी सांगेल तेच साफ करायचं द्रव्य वापरा.

‘टाकी कायम भरलेली ठेवा’

कॅनबेराच्या किंवा जिंडाबाइनच्या हिवाळ्यात हे केलंत तर पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्के फुगेल आणि टाकी किंवा सांधा फाटेल. थंडी नसली तरी साचलेलं पाणी जंतूंचं घर. गाडी उभी करताना टाकी रिकामी करा, आणि हीटरच्या स्विचवर ‘रिकामी’ अशी चिठ्ठी चिकटवा, कारण कोरड्या टाकीत विजेचा एलिमेंट बघता बघता जळतो. पुढच्या वेळी गरम नळाची फसफस थांबून सलग धार आल्यावरच स्विच दाबायचा. (ट्रूमा कॉम्बी या मॉडेलने ३ अंशांच्या आसपास आपणहून पाणी सोडलं तर घाबरू नका, तो त्याचा दंव-व्हॉल्व्ह आहे.)

भरलेली टाकी दोन आठवडे वापराविना राहिली तर तिच्यात हायड्रोजन साचू शकतो. पहिल्यांदा गरम नळ उघडताना खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत किंवा विजेचं उपकरण चालू नको. काही मिनिटं पाणी वाहू द्या.

मेसेजमध्ये नसलेली माशी

कुंभारमाशीला गॅस बर्नरची नळी फार आवडते. तिथे मातीचं घरटं झालं की ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि बाहेरच्या जाळीवर काजळी धरते. गॅस सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हे काम परवानाधारक गॅसफिटरचं, जसं एलिमेंट बदलणं इलेक्ट्रिशियनचं.

‘दहा वर्षं हात लावला नाही, मस्त चालतोय’ म्हणणाऱ्यांनी एकदा हीटरच्या खालची प्लाय अंगठ्याने दाबून बघावी. टाकी आतून गंजते आणि पाणी आधी भोवतीच्या फोममध्ये मुरतं. बाहेर दिसेपर्यंत प्लाय मऊ झालेली असते.