सुभेदारसाहेब, तुम्ही उभे राहाच!

सुभेदारसाहेब, पेन्शन बसली, कामठी रोडला घर झालं, पोरीचं लग्न उरकलं. आता महिन्याला कँटीनमधून सामान आणायचं, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या, रांगेत बीपीची गोळी घ्यायची आणि सोसायटीच्या झेंडावंदनाला नारळ फोडायचा, यात काय राम आहे? विधानसभेला उभे राहा. राज्यात २८८ जागा, त्यातल्या १२ आपल्या नागपूर जिल्ह्यात. एखादी तरी तुमच्यासारख्या शिस्तीच्या माणसाला मिळायला पाहिजे, असं पानठेल्यावरचा जो तो म्हणतो. म्हणतो, एवढंच.

आधी तिकीट मागायला जा. अकराला बोलावलं असेल, तर कृपा करून अकराला पोहोचू नका. वेळेवर येणाऱ्या माणसाला राजकारणात रिकामटेकडा समजतात. भाऊ तीनला येतील. तुम्हाला पाहून उभे राहतील, कडक सॅल्यूट ठोकतील (डाव्या हाताने; उजव्या हातात मोबाइल असतो), 'तुमच्यासारखे लोक राजकारणात आले पाहिजेत' म्हणतील आणि फोटो काढतील. तिकिटाचं विचारलंत की तुम्हाला माजी सैनिक आघाडीचं शहर उपाध्यक्षपद मिळेल. नाराज होऊ नका. पक्षाच्या लेखी तुम्ही म्हणजे सीताबर्डीचा किल्ला: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला दार उघडायचं, लोकांनी कौतुकाने पाहायचं, संध्याकाळी कुलूप. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाला मिळाला हे तुम्हाला फटाक्यांच्या आवाजावरून कळेल.

मग अपक्ष लढा. मतदारसंघातले दहा सूचक जमवा, दहा हजार रुपये अनामत भरा. अर्ज भरायची वेळ अकरा ते तीन. तीन म्हणजे तीनच, त्यामुळे तुमच्या शिस्तीचा उपयोग होईल अशी ही निवडणुकीतली एकमेव जागा. तिचा पुरेपूर आनंद घ्या.

पुढचा टप्पा नाजूक आहे. वस्तीतला एखादा जाणता कार्यकर्ता तुम्हाला बाजूला घेईल. तर्री पोह्यांची प्लेट तुमच्या हातात देईल आणि हळूच विचारेल, "साहेब, फौज-बिज ठीक हाये. पण आपला समाज कोणता?"

तुम्ही छाती काढून सांगाल, "गार्ड्स!"

"ते झालं हो. पण समाज?"

तुम्ही त्याला इतिहास सांगायला लागाल. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स १९४९ साली उभी राहिली, ती सगळ्या प्रांतांतल्या, सगळ्या जातींच्या जवानांना एकत्र घेऊन. एकाच लंगरात जेवलो, एकाच बराकीत झोपलो, शेजारच्या खाटेवरचा कोण हे कधी विचारलं नाही. तो सगळं मन लावून ऐकेल. एक कढीपत्ता काढून प्लेटच्या कडेला ठेवेल. डोळ्यांत पाणीसुद्धा येईल त्याच्या. तर्री झणझणीत असते. मग म्हणेल, "लई भारी साहेब. पण मंग गणित कसं जमवाचं? एक समाज तं पाहिजे ना हातात." आणि तुमची प्लेट संपायच्या आत तो दुसऱ्या उमेदवाराच्या गाडीत बसलेला असेल. त्याचंही चुकत नाही. एवढी वर्षं देशाने तुम्हाला जात विसरायचा पगार दिला, आता मतदारसंघ ती आठवायला सांगतोय. प्रचाराच्या दोन आठवड्यांत जमेल तेवढी आठवा.

माजी सैनिकांच्या मतांवर विसंबू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जय हिंद साहब, हम आपके साथ हैं' असे धडाधड मेसेज येतील. त्यातला एक रोहतकचा, दुसरा साताऱ्याचा, तिसरा जम्मूचा. सगळे खरोखरच तुमच्यासोबत आहेत. मतदार यादीत नाहीत, इतकंच.

बॅनरचं जरा सांभाळा. सैन्यदलातल्या लोकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये पक्षांना बजावलं होतं आणि २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. तेव्हा रणगाडा नको, गणवेश नको. मिशा वाढवा. मिशांबद्दल आयोगाचं अजून काही पत्र नाही. गंमत अशी की तुम्ही हे नियम पाळत बसाल आणि ज्याने एनसीसीचा कॅम्पही अर्धवट सोडला, तो पलीकडच्या चौकात तुमच्या शौर्यावर मतं मागत असेल. टाळ्या वाजवा. भाषण चांगलं असतं त्याचं.

खर्चाची मर्यादा चाळीस लाख. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं आणि वही तपासायला बोलावतं. तुम्ही क्वार्टर मास्टरच्या, म्हणजे फौजेचं सामान सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली दिवस काढलेले. तुमच्या वहीत पोह्यांच्या प्लेटा, त्यांतल्या उरलेल्या आणि उरलेल्या कुणी खाल्ल्या तेही लिहिलेलं असेल. अशी वही पाहून तपासणाऱ्यालाच संशय येतो. शेजारच्या उमेदवाराच्या मिरवणुकीत गाड्याच गाड्या, वहीत मात्र दोन ऑटो आणि एक हार. त्याला कुणी काही विचारत नाही, कारण त्याचा हिशेब वाचायला सोपा आहे.

निवडून आलातच, तर नागपूर करारामुळे डिसेंबरात अधिवेशन घराजवळच. सगळे आमदार हुरडा आणि संत्री खाऊन परत जातील; तुम्ही विदर्भाचे प्रश्न मांडायला उभे राहाल तेव्हा बाकं रिकामी असतील. सवय आहेच तुम्हाला, पहाऱ्यावर एकट्याने उभं राहायची.

पण ते फार पुढचं झालं. आधी मतदान यंत्र बघून घ्या. त्यावर सर्वांत वर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं अक्षरक्रमाने. तुमच्या रेजिमेंटचं बोधवाक्य 'पहला हमेशा पहला'. इथे तुमचं नाव 'ह'वरून असेल, तर खालून दुसरे. खाली फक्त 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण. त्याच्याशी चुरशीची लढत द्या, पण फार ईर्ष्या धरू नका. अनामत वाचवायला तुम्हाला एकूण वैध मतांचा एक षष्ठांशाहून जास्त वाटा लागतो. त्याने ती भरलेलीच नसते.