फुकट फक्त सॉफ्टवेअर

‘ब्लेंडर फुकट आहे, त्यामुळे एकट्या कलाकाराला कार्टून करायला आता खर्चच नाही’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे खरं, पण वीज आणि वेळ कुठे फुकट मिळतात? माझ्या ३० सेकंदांच्या कार्टूनच्या, सेकंदाला २४ चित्रं धरून, ७२० फ्रेम. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र तयार करणाऱ्या ‘सायकल्स’ या संथ इंजिनवर एका फ्रेमला चार मिनिटं, म्हणजे सलग ४८ तास. मध्येच लाइट गेली. नशीब, थेट व्हिडिओ न काढता प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्र काढत होतो, म्हणून ४१२व्या फ्रेमपासून पुढे चालू करता आलं.

शेवटी ‘ईव्ही’ या ब्लेंडरमधल्याच वेगवान इंजिनवर आलो. कार्टूनमधल्या बोक्याच्या मिश्या मात्र ‘ग्रीझ पेन्सिल’ या ब्लेंडरमधल्या चित्रं रेखाटायच्या साधनाने हातानेच काढल्या, सेकंदाला १२ चित्रं. थ्रीडी मॉडेलमधल्या मिश्या गालातून आरपार जायच्या! लेखात या ग्रीझ पेन्सिलचं नावही नाही. कागदावर चित्रं काढणाऱ्याला तिथूनच सुरुवात सोपी जाते.