चार मिलिमीटरचा घाट

उंच गाडी घेणाऱ्या माणसाला विक्रेता काचेतून लांबवर दिसणारा रस्ता दाखवतो, खड्ड्यांना न जुमानणारी चाके दाखवतो, शेजाऱ्यांच्या नजराही सुचवतो. त्याच उंचीमुळे वळणावर गाडीचा सगळा डोलारा बाहेरच्या अंगाला कलतो, ही गोष्ट सांगण्याचे काम मात्र तो ताम्हिणी घाटावर सोपवतो. आमची सात आसनी गाडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर, बांधलेली आणि वजनाने दोन टनांच्या पुढची आहे. पुण्याहून मुळशीमार्गे माणगावला उतरताना, काटा तिसावर असला तरी, ती असा काही झोल घेते की मधल्या रांगेतील मंडळी मानपान विसरून एकमेकांच्या अंगावर जातात. आई नाकाशी लिंबू धरून डोळे मिटून घेते. मामा दाराच्या वरचे हँडल दोन्ही हातांनी धरतात आणि गाडी किती छान आहे, हे दातओठ खात सांगतात.

यावर उपाय म्हणून जाड अँटी-रोल बार बसवावा, असे मी ठरवले. गॅरेजात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाचा हा वाकवलेला दांडा गाडीच्या रुंदीभर आडवा असतो. मधला भाग रबरी कड्यांमधून, म्हणजे बुशांमधून, चेसिसला धरलेला आणि दोन्ही टोके लिंक रॉड नावाच्या छोट्या दांड्यांनी डाव्या-उजव्या चाकांना धरणाऱ्या आर्मना जोडलेली असतात. वळणावर बाहेरचे चाक वर दबते, आतले खाली लोंबते, त्यामुळे दांड्याला पीळ बसतो, आणि पीळ सोडवण्याच्या त्याच्या धडपडीमुळे गाडी कमी कलते. कॅनडातील फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी 1919 मध्ये याचे पेटंट घेतले. तेव्हा ताम्हिणीतून आमच्या मामांना कोणी नेत नव्हते, तरीही त्यांना हे सुचले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पुढच्या चाकांचा मूळ दांडा 28 मिलिमीटरचा होता आणि मी मागवलेला 32 मिलिमीटरचा होता. खोके घरी आले तेव्हा बायकोने दांडा न्याहाळला, किमतीचा कागद न्याहाळला आणि एका मिलिमीटरला किती पैसे पडले, हे मनातल्या मनात काढून तो आकडा आईसमोर जाहीर केला. आईने दोन्ही दांडे डोळ्यांनी मोजून निवाडा दिला, “अरे, हा तोच आहे. नुसता रंगवलाय.” अशा वेळी विज्ञानाचाच आधार घ्यावा लागतो. दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, असे मी सांगताच अकरावीतील कन्येने वर्तमानपत्राच्या कडेवर गणित मांडले. बत्तीस भागिले अठ्ठावीस म्हणजे आठ सप्तमांश. त्याचा चौथा घात म्हणजे 4096 भागिले 2401. म्हणजेच जवळपास 1.7 पट. चार मिलिमीटरमध्ये सत्तर टक्के जादा ताठरपणा मिळतो, हे ऐकून घरात क्षणभर शांतता पसरली. मग बायकोने विचारले, “ताठरपणा पैसे देऊन आणावा लागतो का? मामांकडे पुष्कळ आहे.”

गॅरेजमधला प्रसंग वाटला होता त्याहून लांबला. कोकणातल्या पावसाळ्यांनी लिंक रॉडच्या नटांवर गंजाचा असा थर चढवला होता की पान्हा लावला की नटाबरोबर आतला बोल्टही गरागरा फिरे. मेकॅनिकने बोल्टच्या टोकाच्या षटकोनी खाचेत ॲलन की घालून तो एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने पान्हा ओढला आणि तोंडाने गाडी बनवणाऱ्यांच्या कुळाचा उद्धार केला. नवे बुश पॉलियुरेथेनचे होते. त्यांना आतून ग्रीस नीट लावले नाही तर ते दर खड्ड्याला कुरकुरतात, म्हणून त्याने बोटभर ग्रीस आत फिरवले आणि उरलेले माझ्या नव्या सीट कव्हरसाठी राखून ठेवले. एक चाक जॅकवर आणि दुसरे जमिनीवर ठेवून दांडा बसवण्याचा प्रयत्न त्याच्या पोऱ्याने केला, तेव्हा दांड्याचे एक टोक वीतभर वर राहिले. “दोन्ही चाकं एका लेव्हलला पाहिजेत रे,” असे ओरडून उस्तादाने सगळे पुन्हा सोडवले.

गाडी रस्त्यावर आली आणि या यंत्राचा खरा स्वभाव कळला. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढतात, त्यामुळे दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो आणि काहीही करत नाही. आमच्या गल्लीत वळण एक आणि गतिरोधक सतरा जागी असल्याने त्याचा बराचसा काळ आरामात जातो. खड्डा मात्र एकाच चाकाला गाठतो. मग दांडा, एका भावाचे दुखणे तातडीने दुसऱ्याच्या घरी पोहोचवणाऱ्या आत्याप्रमाणे, डाव्या चाकाचा धक्का उजव्याला कळवतो आणि सगळी गाडी डावी-उजवी डोके हलवते. पूर्वी एका बाजूचे लोक शिव्या देत. आता दोन्ही बाजूंचे देतात.

घाटात मात्र फरक पडला, हे मी कोणापुढेही सांगेन. गाडी पूर्वीपेक्षा स्पष्टपणे सरळ राहते, स्टिअरिंग वळवल्यावर ती विचार करत बसत नाही आणि आईचे लिंबू आता पिशवीतून उशिरा बाहेर येते. मामांनी हँडलवरचा एक हात काढला. “म्हणजे आता उलटण्याची भीती नाही,” असे ते म्हणाले, तेव्हा मात्र मला त्यांना आवरावे लागले. कलणे कमी झाले म्हणून गाडीची उंची कमी होत नाही; आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भारही जवळजवळ तेवढाच राहतो. फक्त कलण्यातून मिळणारी सूचना थोडी उशिरा मिळते, म्हणून वेग पूर्वीचाच ठेवावा लागतो.

परतीच्या वाटेवर डिकीत फणस होता. तो पहिल्या वळणाला डावीकडून उजवीकडे गेला, दुसऱ्याला उजवीकडून डावीकडे आला, आणि प्रत्येक फेरीला बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिले. वळणाचा बाहेर ओढणारा जोर दांड्याने कमी होत नाही, गाडीचा कल तेवढा कमी होतो, हे मी समजावून सांगितले. फणसाने ते ऐकले नाही.

पुण्यात परतल्यावर मेकॅनिकने गाडीखाली बॅटरी मारून पाहिले. “पुढचाच घट्ट केला की वळणावर तोंड बाहेर पळतं, साहेब. मागचा पण जाड टाकू, मग जंपर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, बघू.”

“त्याने फणस थांबेल का?” बायकोने विचारले.

त्याने हात पुसले. “फणसाला दोरी बांधा, वहिनी.”