नुसतं प्रशिक्षण पुरणार नाही
अमेरिकी न्यायालयांतला वर्णभेद न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाने कमी होईल, असा लेखाचा सूर आहे. मला ते अपुरं वाटतं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आणलेला ज्युरी निवडीचा नियम, 'जनरल रूल 37' बघा. ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, निवडताना वकील ठरावीक संख्येने लोकांना कारण न देता वगळू शकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या बॅट्सन निकालानंतर, वंशामुळे वगळलं अशी हरकत घेता यायची, पण वकिलाचा हेतूच भेदभावाचा होता हे दाखवावं लागे. ज्युरर (ज्युरीतला माणूस) 'नजर चुकवत होता' एवढं कारण देऊनही वकिलाचं निभावून जाई. आता या नियमामुळे हेतू शोधायची गरज नाही. जाणत्या त्रयस्थाला त्यात वंशाचा भाग दिसू शकतो का, एवढंच पाहायचं. पोलिसांवर अविश्वास, बदनाम वस्तीत घर, मातृभाषा इंग्रजी नसणं ही कारणं सकृद्दर्शनी अग्राह्य. ज्युरर डुलक्या घेत होता म्हणायचं, तर ते आधी कोर्टाच्या नजरेस आणून द्यायचं, म्हणजे खातरजमा होते.

पण ज्युरीसाठी ज्यातून लोक बोलावतात ती मूळ यादी मतदार आणि वाहन परवाना किंवा ओळखपत्रधारकांची. भाडेकरू घर बदलतात, समन्स पोचतच नाही. त्यात बऱ्याच काउंटींत (जिल्ह्यांत) ज्युररचा भत्ता वर्षानुवर्षे दिवसाला 10 डॉलर. रोजंदारीवरचा माणूस आठवडाभर कोर्टात बसणार कसा? आधी तो भत्ता वाढवा.