पोलिसांना सहकार्य कसे करावे

'जरा चौकीला येऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे,' असा फोन आला की लगेच निघा. लेखी नोटीस आहे का, हे विचारणं सभ्य माणसाला शोभत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलंय. अटकेऐवजी लेखी नोटीस देऊन बोलावण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ३५ मध्येही आहे. असू दे. आईला साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर तिलाही रिक्षात घाला. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी येऊन घ्यायचा असतो खरा, पण साहेबांना पेठेत पार्किंग कुठं मिळणार?

निघताना मोबाईल मात्र घरीच ठेवा. चौकीतून बायकोला 'मला इथं बसवून ठेवलंय' असा मेसेज गेला तर त्यावर वेळ उमटते, आणि सगळी गडबड त्या वेळेनेच होते. अटकेपासून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. तुम्हाला बाकावर बसवलं संध्याकाळी सातला आणि अटकेच्या कागदावर वेळ पडली दुसऱ्या दिवशी दुपारी एकची. मग मधले अठरा तास? त्या अठरा तासांत तुम्ही 'स्वखुशीने' थांबला होतात. ही स्वखुशी कुणी खोडून काढू नये म्हणून वकिलाला फोन नको, ठाण्याच्या सीसीटीव्हीसाठी अर्ज तर नकोच. अगदीच खुमखुमी असेल तर दोन वर्षांनी करा, तोवर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलेलं असतं.

सही मागतील तिथं ठोका. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये असं कायदा सांगतो, पण पेन पुढं केल्यावर हात आखडता घेणं बरं नव्हे. कागद कोरा असेल तर उत्तमच. पंचनामा मागाहून निवांत, सुवाच्य अक्षरात लिहिता येतो. पंचांची काळजी नको. टपरीवर नेहमीचे दोघं असतातच, बिचाऱ्यांची कोर्टात साक्ष द्यायची आता सवयही झालीय.

अटकेची कारणं आपल्याला समजेल त्या भाषेत, लेखी, रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडायला हवीत. मागू नका. दाखवलेल्या कागदावर 'मिळाली' एवढंच लिहा.

वैद्यकीय तपासणीला ससूनमध्ये नेतील. डॉक्टर मान खाली घालूनच विचारतील, 'काही मार?' शेजारी हवालदार उभा असेल. 'नाही' म्हणा. तळपाय सुजलेत? चपला काढायला कुणी सांगितलंय? पुढं शिवाजीनगर कोर्टात मॅजिस्ट्रेट हाच प्रश्न विचारतात, 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?' तिथंही तेच उत्तर. आज नाही म्हणालात की वर्षाने खटल्यात 'मारलं होतं' म्हणायला तोंड राहत नाही, सरकारी पक्षाचं केवढं काम हलकं होतं! रिमांड अर्जात 'साथीदारांचा शोध घेणे आहे' असं असेल. भांडण शेजाऱ्याशी कुंडीवरून झालेलं असलं तरी असेल.

जामीन मंजूर झालाच, तर जामीनदार म्हणून काकांना न्या, पण रेशनकार्ड आणि सातबारा त्यांच्या घरीच राहू द्या. ते आणेपर्यंत कोर्टाची वेळ संपेल. धावतपळत सुटकेचा आदेश येरवड्याला नेलात तरी जामीनपेटी, म्हणजे असे आदेश टाकायची तुरुंगाची पेटी, त्या दिवसापुरती उघडून झालेली असेल. शुक्रवार साधला तर बघा.